लक्ष्मीची जुनी काच

दिवाळीच्या आवराआवरीत भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरू लागल्या, की माझ्या जिवाची घालमेल सुरू होते. आमच्या घरच्या तसबिरींसाठी नव्हे, लोकांच्या! कोणत्या वाड्यातून काय बाहेर पडेल आणि पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी कोणत्या पथारीवर येऊन विसावेल, याचे आडाखे मी मनाशी बांधू लागतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतली, देवादिकांची रंगीत छापील चित्रे जमवण्याचा मला नाद आहे. नाद म्हटला की थोडा आंधळेपणा आलाच. या लेखात त्या आंधळेपणाचीच थोडी झाडाझडती घ्यावी म्हणतो; आणि ती दुसऱ्याची घेण्याआधी स्वतःची घ्यावी लागणार आहे, हेही कबूल करतो.

ही चित्रे वाचकांनी पाहिलेली आहेत. कमळावर उभी असलेली, दोन हातांत कमळे धरलेली लक्ष्मी आणि तिच्याशेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती. किंवा वीणा घेऊन बसलेली सरस्वती. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी ही रूपे रंगवली, आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढून ती घरोघर पोचवली. त्याआधी तैलचित्र म्हणजे संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली वस्तू. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, धंदा आतबट्ट्याचा ठरला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. चित्रे मात्र निघतच राहिली. दादासाहेब फाळके यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली आग लागून छापखाना नष्ट झाला आणि त्याचा पुष्कळसा ठेवा त्यात गेला.

छपाईची रीत मोठी कष्टाची. जर्मनीतून आलेल्या चुनखडीच्या जड, गुळगुळीत शिळांवर स्निग्ध शाईने चित्र काढायचे. शिळा ओली केली की कोऱ्या जागी पाणी राहते, चित्राच्या जागी शाई धरते. तेल आणि पाणी यांच्या वैरावर सारी विद्या उभी. शिवाय प्रत्येक रंगाची शिळा निराळी. एकाच कागदावर एकामागून एक रंग, रेसभरही न हलता, बसवत जायचे, तेव्हा कुठे लक्ष्मीच्या गालावर लाली येई. भिंगातून पाहिले तर या चित्रांत कारागिराने हाताने टाकलेले, लहानमोठे, अनियमित ठिपके दिसतात. आजच्या यंत्रावरच्या छपाईत ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे असतात. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली नवी नक्कल कोणी ‘आजोबांच्या वेळची’ म्हणून गळ्यात मारू लागला, तर हे भिंग तुमची लाज राखते.

आता या चित्रांच्या कलागुणांविषयी. जाणत्या टीकाकारांनी त्यांना कधी फारसे जवळ केले नाही. आनंद कुमारस्वामी यांनी खुद्द रविवर्म्यांच्या चित्रांवरच कडक टीका केली होती. तिथे त्यांच्या छापील प्रतींची काय कथा! देवता नाटकातल्या नट्यांसारख्या उभ्या राहतात, दैवी भाव त्यांच्यात नाही, पाश्चात्त्य रीतीची ही उसनवारी आहे, अशा धर्तीचे आक्षेप. मला नाइलाजाने म्हणावे लागते, की त्यांत तथ्य आहे. लक्ष्मीचा चेहरा सुरेख आहे, पण तो एखाद्या सुखवस्तू घरातल्या सुनेचा आहे. ती पाण्यातल्या कमळावर उभी आहे हे आपण केवळ तिच्या भिडेखातर मानतो; तिच्या पायाला तोल सावरण्याची कसलीच काळजी दिसत नाही.

तरीही या टीकेचे एक विसरते. ती चित्र भिंतीवर लागेपर्यंतच बोलते. आमच्याकडे चित्र भिंतीवर लागले, की त्याचे दुसरे आयुष्य सुरू होई. घरातल्या बायका लक्ष्मीला साडी नेसवीत, खऱ्या कापडाची. जर, टिकल्या, बारीक मणी घेऊन चित्रातल्या चुण्यांवर चुण्या बसवीत, दागिन्यांवर दागिने चढवीत. मग चौकट, काच, आणि त्या काचेवर दर शुक्रवारी हळदकुंकू. छापखान्यातून एका साच्याच्या असंख्य लक्ष्म्या निघाल्या असतील, पण अशी सजल्यावर शेजारच्या घरातली लक्ष्मीसुद्धा आपल्यासारखी राहत नसे. अनेकीची एक करण्याचे हे काम ज्यांनी केले, त्यांचे नाव कोणत्याही चित्राखाली नाही.

आम्हा संग्राहकांनी तरी त्या नावाची चौकशी करावी! पण आमचे शास्त्र निराळे. चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव शाबूत आहे ना? चौकटवाल्याने कागदाची कड कापली तर नाही? डाग नाही, घडी नाही, कसर नाही? जितके कोरे, तितके मोलाचे. म्हणजे ज्या चित्राची कोणी कधी पूजाच केली नाही ते उत्तम. आणि जे सत्तर वर्षे उदबत्तीच्या धुराने काजळले, ते ‘खराब’. ज्या कामासाठी वस्तू जन्माला आली ते काम तिने केले, हाच तिचा दोष! उद्या एखाद्याने न वाचलेल्या पोथीला वाचलेल्या पोथीपेक्षा पवित्र ठरवावे, तसे हे आहे.

हे शहाणपण मला वाचनाने आले असते तर बरे झाले असते. ते आले आमच्या आत्यामुळे.

आमच्या घरी अशीच जर लावलेली एक लक्ष्मी आहे. पणजोबांनी लोणावळ्याहून येताना आणली, असे घरात सांगत. आजीच्या पश्चात ती माझ्याकडे आली. माझ्या संग्रहात तेव्हा बरीच चित्रे होती आणि या एका चित्राची दशा मला बघवेना. चौकट किडलेली, काच पिवळट, तिच्यात बुडबुडे, आणि खालच्या बाजूला कुंकवाचा जाड, काळपट थर. मी ती चौकटवाल्याकडे टाकली. नवी सागवानी चौकट, नवी स्वच्छ काच. एका जाणकार स्नेह्याने तर आणखी पुढचा सल्ला दिला: “ती जर उकलून काढा. खालचे चित्र कोरे असणार. किंमत दुप्पट होईल.” मला तो पटला होता. दिवाळी झाली की ते काम काढायचे, असे मी ठरवूनही टाकले होते.

लक्ष्मीपूजनाला आत्या आली. वय ऐंशीच्या पुढे, नजर अजून चांगली. चित्रासमोर उभी राहिली, सवयीने काचेच्या खालच्या कडेवर बोट ठेवले, आणि ते तिथेच राहिले.

“काच बदललीस होय रे?”

“हो आत्या. फार घाण झाली होती.”

“घाण नव्हती ती. आईची बोटं होती.”

पुढे ती काही बोलली नाही. मीच न राहवून जरीविषयी विचारले. तेव्हा कळले, की आजी चौदाव्या वर्षी या घरात आली ती आईवेगळी. माहेरून तिने आपल्या आईच्या विरलेल्या शालूचा एक काठ तेवढा आणला होता. सासरी तो नेसता येण्याजोगा नव्हता आणि टाकवतही नव्हता. तो तिने दुपारच्या वेळी, घर निजले असताना, टाका-टाका करून लक्ष्मीला नेसवला. म्हणजे जी जर उकलून मी चित्राची किंमत दुप्पट करणार होतो, ती माझ्या पणजीच्या लग्नातल्या शालूची होती.

मग मी भिंग घेऊन ते चित्र प्रथमच नीट पाहिले. त्यात एक कलादृष्टी आहे, हे आत्याच्या भिडेने नव्हे, टीकाकार म्हणून सांगतो. जर लावणाऱ्या पुष्कळ बायका हौसेपायी सारे चित्र मढवून टाकतात, आणि लक्ष्मी झुलीखालच्या नंदीबैलासारखी दिसते. आजीने चेहरा, हात आणि पावले मोकळी सोडली आहेत. हत्तीला एक टिकलीही लावलेली नाही. काठ पायाशी थोडा जड ठेवला आहे. आणि गंमत अशी, की त्या भारानेच लक्ष्मी कमळावर नीट उभी राहिल्यासारखी वाटते. रविवर्म्यांच्या चित्रात मला जो तोल सापडत नव्हता, तो एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने सुईने साधला होता.

जर वाचली. काच गेली. चौकटवाल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो, पण जुन्या काचेचे तुकडे केव्हाच कचऱ्यात गेले होते. त्याची काहीच चूक नव्हती. बदलायला मीच सांगितले होते.

हे वाचून कोणी जमवण्याचा छंदच सोडावा, असे मला म्हणायचे नाही. संग्राहक नसते तर यातली बरीच चित्रे पिंपळाच्या पारावर भिजून गेली असती, किंवा नदीत विसर्जित झाली असती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली, आणि काय जमवले? दिवे, अडकित्ते, दौती, पाय घासण्याच्या वज्री, दारे, भांडी. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला देऊन त्यांनी तो शासनाच्या स्वाधीन केला. हाताने झिजलेल्या वस्तूची लाज न बाळगता तिला मानाची जागा देता येते, हे तिथे दिसते. जमवण्यात दोष नाही. झीज पुसून टाकण्यात आहे.

म्हणून या दिवाळीत तसबिरी खाली उतरतील तेव्हा एवढेच करा. पुसण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला जवळ बसवा आणि विचारा: ही कोणी आणली, कोणी सजवली, हे कापड कशाचे? सांगतील ते कागदावर लिहून चौकटीच्या पाठीमागे लावा. बाजारात त्या कागदाला मोल नसेल, पण तो नसेल तर उरलेल्या चित्राला तरी काय मोल?

आमच्या लक्ष्मीच्या पाठीमागे आता असा कागद आहे. आत्याने सांगितला, मी लिहिला. शालूचा रंग कोणता होता यावर तिचे नि काकांचे अजून एकमत नाही. दोन्ही रंग लिहिले आहेत. काच बदलल्याचेही लिहिले आहे, आणि कोणी बदलली तेही.