खानजादा बेगमेचें पुनरागमन : दोन घरगुती साक्षी

इ. स. १५०१ मध्यें बाबरानें समरकंद सोडलें, तेव्हां त्याची सख्खी वडील बहीण खानजादा बेगम मागें राहिली व शत्रूची, म्हणजे शैबानी खानाची, पत्नी झाली. १५१० च्या अखेरीस मर्वनजीक शाह इस्माइलाशीं लढतांना शैबानी पडला. शाहानें बेगमेस सन्मानानें कुंदुझ येथें भावाकडे पोंचविलें. या प्रसंगाच्या दोन घरगुती साक्षी आहेत : बाबराचें तुर्की आत्मवृत्त आणि त्याची कन्या गुलबदन हिचा फारसी हुमायूननामा. बेव्हरिजबाईंच्या इंग्रजी भाषांतरांच्या आधारें त्यांची तुलना करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाबर म्हणतो कीं, पांच महिने वेढा सोसूनही कुमक न आल्यानें आपण शहर सोडलें व त्या धामधुमींत बहीण शैबानीच्या हातीं पडली. येथें वाक्याची कर्त्री बहीणच. तिला देणारा कोणी दिसत नाहीं. गुलबदन निराळें सांगते : बहीण दिल्यास सलोखा करूं असा खानाचा निरोप आला, आणि अखेर निरुपायानें बेगम देऊन बाबर बाहेर पडला.

यांपैकीं ग्राह्य कोणतें? गुलबदनेचा जन्म या घटनेनंतर वीस वर्षांहून अधिक काळानें झाला व तिनें ग्रंथ अकबराच्या आज्ञेवरून वृद्धपणीं लिहिला. म्हणजे तिची साक्ष ऐकीव होय. तथापि जी कन्या पित्याविषयीं सर्वत्र भक्तीनें लिहिते, तिनें पित्यास उणेपणा आणणारी गोष्ट पदरची घातली असेल, हें संभवत नाहीं. मिर्झा हैदराचा कलही तिकडेच आहे. सबब गुलबदनेचें म्हणणें आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतें.

हा केवळ तपशिलाचा वाद नव्हे. परतलेली बेगम शत्रूच्या मुलाची आई होती. शैबानीनें तिला सोडून दुसऱ्यास दिलें होतें, व तो दुसरा पतिही मारला गेला होता. सीतेची कथा ऐकत वाढलेल्या आम्हां वाचकांस अशा स्त्रीच्या वांट्यास दिव्य येईल असें वाटतें. कुलाभिमानी तैमूरी घराण्यांत मात्र तसें घडल्याचें या दोन्ही ग्रंथांत कोठेंही नाहीं. उलट हुमायूनाच्या राज्यारोहणानंतरच्या मेजवानींत ती त्याच्याच गादीवर बसली. पुढें कामरान कंदाहारांत आपल्या नांवें खुतबा मागूं लागला, तेव्हां बाबरानें गादी हुमायूनास दिली आहे, त्यासच वडील माना, असें तिनें त्यास स्पष्ट बजाविलें. १५४५ मध्यें तिचें देहावसान झालें व पुढें काबुलांत बाबराच्या चिरविश्रांतिस्थानीं तिला स्थान मिळालें.

बेगम केवळ ‘हातीं पडली’ असेल, तर हा मान म्हणजे घराण्याचें औदार्य ठरतें. ती ‘दिली’ गेली असेल, तर तें ऋण ठरतें. आमच्या मतें तें ऋण होतें.

बाबराची एक आठवण मात्र कृत्रिम नाहीं. दहा वर्षांनीं तो भेटीस गेला, बोललाही. तरी बहिणीनें व तिच्या परिवारानें त्यास कांहीं वेळ ओळखलेंच नाहीं. त्या दहा वर्षांविषयीं बेगमेचा स्वतःचा एकही शब्द या दोन ग्रंथांत नाहीं. जिनें किंमत दिली तिचीच साक्ष नसतां केवळ बाबराच्या एका वाक्यावर निर्णय देणें न्याय्य होणार नाहीं, इतकेंच आमचें म्हणणें.