अद्भुताला संपादक हवा

मराठी कथात्म साहित्यात आज सगळ्यात जास्त धिटाई कुठे दिसते, असं कुणी विचारलं तर मी नामांकित प्रकाशनांच्या याद्या काढणार नाही, माझा फोन पुढे करीन. किंडलवर लेखकानं स्वतः चढवलेल्या, प्रतिलिपीवर भागाभागानं आलेल्या, ई साहित्य प्रतिष्ठाननं विनामूल्य पोहोचवलेल्या अद्भुत कादंबऱ्यांनी तो भरलेला आहे. नोकरी-शिक्षण सांभाळून, बरेचदा टोपणनावानं, रात्री जागून लिहिलेली ही पुस्तकं. त्यांतली कित्येक अर्धीकच्ची आहेत. तरीही मी ती सोडत नाही, कारण एखाद्या पानावर अशी कल्पना अचानक भेटते की तिच्यासाठी मागची दोनशे पानं सोसलेली सार्थकी लागतात.

मी बडोद्याचा वाचक. दांडिया बाजारात अजून मराठी कानावर पडते, घराघरांत मराठी पुस्तकं आहेत. पण नवं मराठी पुस्तक हातात घेऊन, चाळून, मग विकत घ्यायचं तर पुण्या-मुंबईची फेरी ठरवावी लागते. त्यामुळे 2016च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर मिळू लागली ती घटना महाराष्ट्रातल्या वाचकापेक्षा आमच्यासारख्यांना मोठी वाटली. बंगळुरूची प्रतिलिपी आणि आमच्या शेजारच्या अहमदाबादची मातृभारती यांनी पुढचं दार उघडलं. आता धुळ्यातल्या मुलीनं रात्री लिहिलेलं प्रकरण बडोद्यात सकाळच्या चहाबरोबर वाचता येतं.

या धिटाईला मराठीत जुनं घराणं आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861ची. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणत होते. नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868ची. मराठी कादंबरीनं बाळसं धरलं ते राजपुत्र, ताटातूट आणि अशक्य योगायोग यांच्यावर. मग हरिभाऊ आपटे आले. 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू 1890पासून वाचकांशी बोलू लागली आणि तिच्या दुःखापुढे ते राजपुत्र पोरकट ठरले. तो निकाल त्या काळात रास्त होता. पण समीक्षेला त्या निकालाची सवय जडली ती शंभर वर्षं सुटली नाही. नारायण धारपांची पुस्तकं वाचनालयांतून पानं सुटेपर्यंत फिरली, पण वाङ्मयेतिहासात त्यांना जेमतेम उल्लेख मिळाला. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांना मान मिळाला, त्यात लेखक शास्त्रज्ञ असण्याचा वाटा मोठा होता. आणि जी. ए. कुलकर्णी? 'रमलखुणा' 1975चा संग्रह. त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा कुठल्याही नकाशावर न सापडणाऱ्या मुलखात घडतात. त्यांना प्रतीकात्मक म्हटलं गेलं, नियतीवादी म्हटलं गेलं, पण त्या अद्भुत कथा आहेत हे सरळ म्हणायला सगळे कचरले. आजच्या स्वतंत्र लेखकांपुढे मराठीतला सर्वांत मोठा पूर्वज उभा आहे आणि त्यांतल्या अनेकांना तो आपला आहे हे कुणी सांगितलेलंच नाही.

त्यामुळे ते दुसरीकडून साहित्य गोळा करतात. इथं माझी पहिली तक्रार सुरू होते.

स्वतंत्र मराठी अद्भुत कादंबरीत सध्या दोन तयार साचे फार चालतात. एकात पुण्यातल्या आयटी कंपनीतला तरुण, हिमालयातले योगी, अश्वत्थामा, सात चिरंजीवांपैकी आणखी एखादा आणि हजारो वर्षं लपवलेलं अस्त्र. अमिश त्रिपाठींची शिवावरची पहिली कादंबरी प्रकाशकांनी नाकारल्यावर 2010मध्ये स्वबळावर बाजारात आली आणि देशभर खपली. तेव्हापासून पुराणातल्या पात्रांना नवं चिलखत चढवणं हा हमखास मार्ग वाटू लागला. दुसऱ्या साच्यात जादूचं विद्यालय, ड्रॅगन, भविष्यवाणी. नावं मराठी, हवामान मात्र इंग्लंडचं. हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद आणि मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठीत आणलेला टॉल्किन वाचून वाढलेली ही पिढी आहे. ते प्रेम मला पूर्ण कळतं, माझंही तेच आहे. पण दोन्ही साच्यांत लेखक जग बांधत नाही, बांधलेल्या जगात भाड्यानं राहतो. म्हणून जादू कुठून येते, तिची किंमत कोण मोजतो, ती गरिबाला मिळते का, हे प्रश्नच पडत नाहीत.

आणि घरात काय काय पडून आहे! पाचवी-सहावीच्या रात्री येऊन तान्ह्याच्या कपाळावर नशीब लिहिणारी सटवाई. पाणवठ्यावरच्या साती आसरा. शिवेवरचा म्हसोबा. कोकणातला राखणदार, ज्याचं देणं चुकलं की सगळी वाडी अस्वस्थ होते. माणसाला रात्रभर त्याच रानात फिरवणारा चकवा. या प्रत्येकाला नियम आहेत, वेळ आहे, जागा आहे, मोबदला आहे. अद्भुत कादंबरीला लागतं ते नेमकं हेच.

हे कसं करावं याचा सगळ्यात चांगला धडा मला पुस्तकात नव्हे, चित्रपटात मिळाला. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' 2018मध्ये आला. भाषा हिंदी, पण माती पूर्ण कोकणची, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं, मुळाशी धारपांच्या कथेचा धागा. त्यातला हस्तर हा देव कुठल्याही पुराणात नाही, निर्मात्यांनी घडवला. समृद्धीच्या देवीचा पहिला, लाडका आणि अधाशी मुलगा. त्याला सोनं मिळालं, पण अन्नाकडे हात वळताच बाकीचे देव तुटून पडले. आईनं वाचवलं ते एका अटीवर: त्याची पूजा कुणी करायची नाही. म्हणून तो देवीच्या गर्भात कायमचा भुकेला. त्याच्यापुढे पिठाची बाहुली टाकायची, तो तिच्यावर झडप घालेल तेवढ्यात त्याच्या लंगोटीतल्या सोन्याच्या मोहरा ओढून घ्यायच्या, आणि पिठाच्या रिंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. एवढासा नियम. पण त्यातून वाड्यातली हाव, बापाकडून मुलाकडे जाणारा धंदा, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा महाराष्ट्र, सगळं आपोआप उलगडतं. जादूचा नियम आणि समाजाचा नियम एकच होऊन जातात. हा चित्रपट तयार व्हायला अनेक वर्षं लागली, पहिल्या प्रदर्शनात गर्दी बेताचीच झाली, आणि 2024मध्ये पुन्हा लागला तेव्हा आधीपेक्षा जास्त चालला. तेव्हा वाचक-प्रेक्षक नाही ही ओरड मला मान्य नाही.

दुसरी तक्रार रचनेची. भागाभागानं लिहिताना प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला अडकवून ठेवावं लागतं. दार वाजतं, दिवे जातात, मागून हात खांद्यावर पडतो, आणि पुढच्या भागाच्या पहिल्या ओळीत तो हात मित्राचा निघतो. चाळीस भागांत हे चाळीस वेळा झालं की वाचकाची भीती बोथट होते. शिवाय सदस्यत्वाच्या योजनेत वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळत असतील तर कादंबरी फुगवण्याचा मोह आवरणं कठीण. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे अर्धवट सोडलेल्या मालिका. तिसरा खंड लवकरच, असं म्हणून लेखक दिसेनासा होतो.

यावर उपाय बडोद्यातच तीन शतकांपूर्वी सापडला होता, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. सतराव्या शतकातला आमचा प्रेमानंद भट्ट माणभट होता. तांब्याच्या घागरीवर बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून तो आख्यानं गायचा आणि श्रोत्यांच्या देण्यावर जगायचा. त्याचं 'ओखाहरण' अजून चैत्रात गुजराती घरांत वाचलं जातं. बाणासुराची मुलगी ओखा स्वप्नात पाहिलेल्या तरुणावर जीव लावते आणि तिची सखी चित्रलेखा आकाशमार्गे जाऊन झोपलेल्या अनिरुद्धाला उचलून आणते. याहून बहारदार अद्भुत कोणतं? पण मला महत्त्वाची वाटते ती बांधणी. आख्यान कडव्यांत विभागलेलं असतं. प्रत्येक कडव्याला सुरुवातीचा मुखबंध, मधली कथा सांगणारी ढाळ आणि शेवटी वलण. वलण आधीचं आवरतं आणि पुढचं सुचवतं. त्यात श्रोत्याला फसवण्याची गरज नसते. कथा एका टप्प्यावर येऊन थांबलेली असते, आणि पात्रावर जीव जडलेला असल्यामुळे तो उद्या परत येतो. मराठीत कीर्तनकारांना हे ठाऊक होतंच. क्रमशः लिहिणाऱ्या प्रत्येकानं एकदा माणभटाचं आख्यान ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रकाशक नसण्यात तोटाच आहे असं मी मानत नाही. देवकीनंदन खत्री यांनी 1898मध्ये काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला म्हणून त्यांची तिलिस्मी कादंबरी कुणाच्या परवानगीविना वाढत गेली. अलीकडचं उदाहरण एम. एल. वांग यांच्या 'द सोर्ड ऑफ काइगेन'चं. 2019मध्ये लेखिकेनं स्वतः काढलेल्या या कादंबरीची नायिका पूर्वाश्रमीची लढवय्यी, आता चार मुलांची आई. मोठी लढाई पुस्तकाच्या मध्यावरच संपते आणि पुढची शेकडो पानं मागे उरलेल्यांच्या शोकाची, मोडलेल्या संसाराला पुन्हा उभं करण्याची आहेत. बाजार जाणणाऱ्या संपादकानं ती पानं बहुधा कापली असती, आणि तीच पुस्तकाचा प्राण आहेत. असं धाडस मराठीत मला सुट्या प्रकरणांत दिसतं, अख्ख्या पुस्तकात क्वचित.

ही कादंबरी माझ्यापर्यंत पोहोचली कशी, हे सांगायला हवं. इंग्लंडमधल्या मार्क लॉरेन्स या कादंबरीकारानं 2015मध्ये स्वप्रकाशित अद्भुत कादंबऱ्यांची स्पर्धा सुरू केली. तीनशे पुस्तकं, दहा समीक्षक गट. प्रत्येकानं तीस पुस्तकं चाळून एक निवडायचं, मग दहाही पुस्तकं सगळ्यांनी वाचायची. बक्षिसाचे पैसे नाहीत. वांग यांची कादंबरी पाचव्या वर्षी जिंकली. कुणीतरी नेटानं वाचून खरं काय ते सांगतो, एवढीच त्या स्पर्धेची ताकद. आमच्याकडे वाचकांच्या प्रतिक्रिया ढिगानं असतात, पण त्या सगळ्या पाच ताऱ्यांच्या आणि 'पुढचा भाग कधी?' अशा. प्रेमळ आहेत, पण लेखकाला त्यांतून काही शिकता येत नाही. सातव्या प्रकरणात खलनायकाचं वय बदललं, राजवाड्यातली दासी टीव्ही मालिकेतल्या सुनेसारखी बोलते, हे त्याला कोण सांगणार?

बडोद्यानं हे काम अंगावर घ्यावं, अशी माझी मागणी आहे, आणि ती हवेतली नाही. सयाजीराव महाराजांनी 1910मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभारलं, पेट्यांमधून फिरती ग्रंथालयं गावोगाव पाठवली. 2018चं 91वं मराठी साहित्य संमेलन इथंच भरलं. मराठी वाङ्मय परिषद इथं आहे, विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. आणि 1950मध्ये सुरू झालेली ललित कला शाखा आहे, जिथं चित्रं काढणारी शेकडो मुलं असताना आमच्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं आयत्या चित्रांवर भागवली जातात. दहा वाचकांचं एक मंडळ, वर्षातून एकदा तीस पुस्तकं, प्रत्येकावर दोन पानांचं सविस्तर टिपण लेखकाच्या हाती, आणि निवडलेल्या तिघांच्या छापील प्रती मांडवीच्या त्याच मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी विभागाच्या कपाटात. पहिल्या वर्षी मी तीसही पुस्तकं वाचायला तयार आहे. अट एकच घालीन: कादंबरी पूर्ण झालेली असावी.