किस्से पुरे, आता सिनेमा पाहू या

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झालं. जिवावर उदार होऊन त्या मोहिमेत उतरलेल्या स्वयंसेवकांत संगीतकार सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, होते. ‘लाखाची गोष्ट’ येऊन दोनच वर्षं झाली होती आणि बाबूजींचं नाव मराठी घराघरांत पोचलं होतं. मोहिमेला शस्त्रं हवी होती आणि शस्त्रांना पैसा. बाबूजींनी लता मंगेशकरांना गळ घातली आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लताबाई त्यासाठी पुण्यात गायल्या. सिल्वासा मुक्त झाल्यावर आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. आपल्या चित्रपटसृष्टीतल्या माणसांनी ज्या मातीसाठी गळा आणि जीव दोन्ही पणाला लावले, ती ही माती आहे. जुन्या सिनेमाविषयी बोलायचा हक्क सिल्वासाइतका फार थोड्या गावांना असेल.

आणि इथे बोललं जातंही भरपूर. कारखानदारी वाढली तशी महाराष्ट्रातून कुटुंबं आली, उत्तरेतून आली. गुजराती आणि आदिवासी वस्ती मुळातलीच. त्यामुळे इथल्या गप्पांत एकाच बैठकीत तीन भाषांचे सिनेमे येतात. कुणी बाबूजींचं नाव काढतो, कुणी वलसाडच्या निरूपा रॉयवर हक्क सांगतो. रामानंद सागरांचं ‘रामायण’ जिथे चित्रित झालं ते उंबरगाव तर हाकेच्या अंतरावर, आणि १९६० पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होतं, ही आठवण मराठी माणूस हमखास करून देतो. वयस्कर मंडळी अभिनेत्री सुलोचनाबाईंविषयी घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलतात. या मायेचं मोल मी जाणतो. इतक्या जुन्या कलाकृतींवर लोक अजून भांडतात, हे त्या कलेचं भाग्यच.

पण या गप्पा नीट ऐकल्या की एक गोष्ट खटकते, आणि ती फक्त सिल्वासाची नाही. पुण्या-मुंबईपासून परदेशातल्या मराठी मंडळांपर्यंत तीच तऱ्हा आहे. आपण बोलतो ते गाण्यांविषयी, माणसांविषयी आणि किश्शांविषयी. सिनेमाविषयी जवळजवळ बोलतच नाही. गाणं तोंडपाठ असतं, पण ते चित्रपटात कुठे येतं, कोण कुणाला उद्देशून म्हणतं, त्या वेळी कॅमेरा कुठे असतो, हे विचारलं की बैठक गप्प होते. जुन्या मराठी चित्रपटाची आजची अवस्था याच एका गोष्टीत दिसते: तो कानांत जिवंत आहे, डोळ्यांसमोरून मात्र नाहीसा झालाय.

गाण्यांपासून सुरुवात करू. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या तिघांनी मिळून जे केलं ते मराठी बोलपटाचं एक शिखर आहे. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) ही नावं घेतली की गाणी आपोआप ओठांवर येतात. गदिमा गीतकार होते तसेच पटकथाकारही होते, हे मात्र मागे पडतं. एक लाख रुपये महिनाभरात खर्च करून दाखवायचे, अशी अट घालून गरीब, स्वाभिमानी तरुणांची परीक्षा पाहायची, ही ‘लाखाची गोष्ट’ची कल्पना ऐकायला सोपी वाटते. पडद्यावर तिच्यातून हशा पिकवायचा तर प्रसंगांची बांधणी, संवादाचा नेमका ठेका आणि नटाची वेळ साधण्याची हातोटी लागते. राजा परांजपे दिग्दर्शकही होते आणि नटही. स्वतः पडद्यावर असताना दृश्याचा तोल कसा सांभाळायचा, हे त्यांच्याकडून शिकावं. यावर एखादी संध्याकाळ रंगायला हवी. रंगते ती गाण्यांच्या भेंड्यांवर.

‘कुंकू’चं (१९३७) उदाहरण घ्या. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा व्ही. शांताराम ऊर्फ शांतारामबापूंचा हा चित्रपट. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. नीरा झालेल्या शांता आपटे छान गातात, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, हे किती जणांच्या लक्षात येतं? बोलपट सुरू होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, संगीताचा मारा हीच पद्धत होती, आणि शांतारामबापूंनी ठरवलं की घरातला आवाज तेवढाच ऐकू येईल. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, पावलं, ग्रामोफोन. नीरा घरात वावरते तेव्हा तिच्या मनःस्थितीवर संगीताचं पांघरूण घालायला कुणी येत नाही. प्रेक्षकाला तिच्या शांततेसोबत बसावंच लागतं. आपण ज्याला त्या काळचं साधं चित्रण म्हणतो, तो विचारपूर्वक घेतलेला धाडसी निर्णय होता. म्हाताऱ्याच्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. प्रत्यक्ष आयुष्यात त्या संततिनियमनासाठी झटणाऱ्या समाजसुधारक होत्या. म्हणजे पात्रांची निवडदेखील एक भूमिका घेऊन केलेली होती. ‘कुंकू’वर बोलायचं तर इथपासून बोलायला हवं.

‘संत तुकाराम’चंही (१९३६) तसंच. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. हे सगळ्यांना पाठ आहे. विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावरची तल्लीनता आणि शांताराम आठवल्यांनी तुकोबांच्या धाटणीत लिहिलेलं गीत, जे लोकांना खरोखरीचा अभंगच वाटलं, तेही सांगितलं जातं. पण चित्रपटाचा कणा आहे तुकोबांची बायको जिजाई. ती भूमिका करणारी गौरी ही प्रभात फिल्म कंपनीत किरकोळ कामं करणारी बाई; दामले-फत्तेलालांनी तिच्यावर हा सगळा भार टाकला. मूल आजारी पडतं तेव्हा ती देवळात जाऊन विठ्ठलालाच जाब विचारते, हातात पायताण घेऊन. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि तिला बोलावतात, तर तिला चुलीपुढून उठायला सवड नाही. दिग्दर्शकांनी तिची चेष्टा केलेली नाही. भक्ती आणि संसार या दोन्हींना सारखंच वजन दिलं, म्हणून तो चित्रपट आजही खोटा वाटत नाही. कृत्रिम हावभावांच्या त्या काळात गौरीचं चालणं, ओरडणं, म्हशीवर चिडणं इतकं अस्सल आहे की अभिनयाच्या शाळेत तो धडा म्हणून लावावा.

सिल्वासासारख्या बहुभाषी गावात आणखी एक वाट मोकळी आहे, ती आपण वापरत नाही. य. गो. जोशींच्या कथेवरून १९५३ मध्ये ‘वहिनींच्या बांगड्या’ आला, त्यावरून १९६१ मध्ये हिंदी ‘भाभी की चूड़ियाँ’. संगीत दोन्हींना बाबूजींचंच. मराठीत सुलोचनाबाई, हिंदीत मीनाकुमारी. तसाच ‘पाठलाग’ (१९६४) आणि त्यावरून राज खोसलांनी काढलेला ‘मेरा साया’ (१९६६). एका बैठकीत मराठी माणसाने मूळ चित्रपट दाखवावा, हिंदी भाषकाने त्याचा हिंदी अवतार, आणि मग बोलावं: मध्यमवर्गीय मराठी घर हिंदीत गेल्यावर त्यातलं काय गळतं, काय वाढतं, नायिकेला कॅमेरा जवळून पाहतो की लांबून. असली चर्चा आवड वाढवते आणि नजर घडवते. ‘आमचा पहिला’ एवढंच म्हणून थांबण्यात कुणाचाच फायदा नाही.

लेखनाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. इसाक मुजावरांनी आयुष्यभर चित्रपटसृष्टीचा इतिहास टिपला. शिरीष कणेकरांनी सिनेमावेड्या माणसाचं मन मराठी गद्यात आणलं. बापू वाटव्यांचं ‘एक होती प्रभातनगरी’ आजही हाताशी ठेवावं असं आहे. या लेखनामुळेच किस्सा सांगण्याची कला मराठीत बहरली. मात्र किश्शाची एक खोड असते: तो मोठ्या माणसाला आणखी मोठं करतो आणि अवघड प्रश्नावरून पुढे सरकतो. त्यावरचा उतारा नट्यांच्या स्वतःच्या पुस्तकांत आहे. शांता आपट्यांनी १९३९ मध्ये कराराच्या वादावरून प्रभातच्याच फाटकात उपोषण केलं आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये आलं. त्याच नावाचा त्यांचा १९५९ चा तमाशापट पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला होता. पडद्यावर टाळ्या मिळवणारी बाई घरी आणि स्टुडिओत काय सोसत होती, हे त्या पुस्तकाने न लाजता सांगितलं. श्याम बेनेगलांनी त्यावरून १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला. आपल्या गप्पांत या बायकांचं सौंदर्य येतं, गळा येतो, त्यांचा झगडा क्वचितच येतो. चाहत्याचं प्रेम खरं असेल तर त्यात हेही सामावलं पाहिजे.

आता सगळ्यांत गंभीर मुद्दा. जो चित्रपट दिसतच नाही त्यावर बोलणार काय? बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ (१९२०) गेला. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) गेला. आज पाहायला मिळणारा सर्वांत जुना मराठी बोलपट म्हणजे ‘अयोध्येचा राजा’ (१९३२). जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते. उरलेल्यांतल्या कित्येक प्रती चांदीसाठी नष्ट केल्या गेल्या. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पी. के. नायर गावोगाव फिरून रिळं गोळा करू लागले. फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे त्यांनी नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवले. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटचा मोठा साठा जळाला. जे वाचलं आहे तेही आपल्यापर्यंत कसं पोचतं? कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का, दोन्ही बाजूंनी ताणलेले चेहरे, मधलीच कापलेली दृश्यं, घरघरणारा आवाज. अशी प्रत पाहून नवा मुलगा जुना सिनेमा कंटाळवाणा ठरवतो, तर दोष त्याचा नाही. चांगली प्रत आणि नेटकी उपशीर्षकं ही आता चैन राहिलेली नाही. त्यांच्याशिवाय पुढची पिढी या कलेपर्यंत येणारच नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. सिल्वासातल्या रसिकांनी गप्पांची बैठक दृश्यांची बैठक करावी. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ हे काम करत आलं आहे. त्यासाठी मोठं शहर लागतं असं नाही. एखाद्या शाळेचं सभागृह, एक बरा प्रोजेक्टर आणि महिन्याला एक चित्रपट, एवढं पुरेसं आहे. चित्रपट आधी सलग, न थांबता पाहायचा. मग त्यातला एकच प्रसंग पुन्हा लावायचा आणि प्रत्येकाने काय दिसलं ते सांगायचं. किस्से त्यानंतर. गुजराती आणि हिंदी शेजाऱ्यांना बोलवायचं, कारखान्यातल्या तरुण कामगारांना, खानवेलकडच्या मराठी समजणाऱ्या मुलांना बोलवायचं. ज्यांच्याकडे जुन्या पुस्तिका, पोस्टरं, मासिकं पडून आहेत त्यांनी ती रद्दीत न घालता संग्रहालयाकडे सोपवायची.

आणि २ ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर, संध्याकाळी राजा परांजपे, गदिमा आणि बाबूजींचा एक चित्रपट गावाने मिळून पाहायचा. मुक्तिलढ्यातल्या त्या माणसाचं मुख्य काम सिनेमात होतं, आणि ते काम पूर्ण, धड प्रतीत, डोळे उघडे ठेवून पाहणं हाच त्याचा योग्य सन्मान आहे. यंदा सुरुवात ‘जगाच्या पाठीवर’ने करावी.