इंग्रजी भाषिक म्हणजे कोण?

विन्स्टन चर्चिल यांचा इंग्रजी भाषिक लोकांचा इतिहास १९५६ ते १९५८ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाला. संसद, कायदा, स्वातंत्र्य ही या लोकांची जगाला देणगी, असे त्याचे सूत्र आहे. माझा आक्षेप त्यातील 'लोक' या शब्दालाच आहे. अमेरिकन यादवी युद्धाला चर्चिल पुष्कळ पाने देतात. पण तेथे गुलाम हा वादाचा विषय आहे, बोलणारा माणूस नाही.

फ्रेडरिक डग्लस इंग्रजीच बोलत. लहानपणी मालकीण त्यांना अक्षरे शिकवू लागली, तेव्हा मालकाने तिला रोखले. तरी ते शिकले आणि १८४५ साली त्याच भाषेत त्यांनी आपले आत्मकथन जगापुढे ठेवले. ते या 'लोकां'त येतात की नाही?

ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना छदामही नाही. देणगीच्या हिशेबात हा आकडाही मांडलाच पाहिजे.

म्हणून इंग्रजीचे ऋण मानताना ते कोणाचे, हे आपण तपासले पाहिजे. युनोपुढील कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागण्यासाठी बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले, ते इंग्रजीतच. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव आले. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांनी ते हिसकावून घेतले. माझे इंग्रजी भाषिक ते.