कमरपट्ट्याएवढी चूक

आर्थर राजाच्या दरबारातले नाइट मध्ययुगीन कथांमध्ये वारंवार चुकतात, आणि त्यांच्या चुका काटेकोर मापाने मोजलेल्या असतात. क्रेतियँ द त्रुआच्या बाराव्या शतकातल्या काव्यात लान्सलॉट गुन्हेगारांची धिंड काढायच्या गाडीत चढण्याआधी दोन पावलांपुरता घुटमळतो. पुढे राणी ग्विनिव्हीअर त्याला त्या दोन पावलांचाच जाब विचारते. इवेन वर्षाच्या आत परतण्याचा बायकोला दिलेला शब्द विसरतो, आणि भान हरपून रानात उघडावाघडा भटकतो. पर्सिव्हल जखमी राजाच्या वाड्यात विचारायला हवा तो प्रश्न विचारत नाही, कारण फार बोलू नये असे त्याला कोणी शिकवलेले असते. चूक लहान, पण ब्रीद इतके उंच की तेवढीही लपत नाही. धर्मराजाचा रथ एका अर्धसत्याने जमिनीला टेकला, तो याच न्यायाने.

हे माप अलीकडच्या चित्रपटांत हरवत चालले आहे. 2004 च्या ‘किंग आर्थर’मधले नाइट रोमच्या चाकरीतून सुटका मागणारे थकलेले शिपाई आहेत. गाय रिचीच्या 2017 च्या चित्रपटातला आर्थर कुंटणखान्यात वाढलेला गल्लीतला दादा आहे. या दोन्ही चित्रपटांत ब्रीदच नाही, त्यामुळे ते मोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. डेव्हिड लोअरीचा 2021 चा ‘द ग्रीन नाइट’ मात्र एका वाक्यात बाजूला सारता येत नाही. तो सुंदर आहे, अभ्यासाने केलेला आहे आणि मूळ काव्याच्या मर्मावरच घाव घालतो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीचे ते काव्य 2530 ओळींचे. कवी अज्ञात, एकच हस्तलिखित उरलेले. हिरव्या नाइटचे मस्तक उडवल्यावर वर्षभराने आपली मान पुढे करायची, या वचनाला जागून आर्थरचा नाइट गवेन निघतो. वाटेतल्या गढीच्या मालकाशी त्याचा करार होतो: दिवसभरात ज्याला जे मिळेल ते संध्याकाळी दुसऱ्याला द्यायचे. मालक शिकारीला जातो, मालकीण गवेनच्या शय्येपाशी येते. पहिल्या दिवशी एक चुंबन, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. गवेन सगळी इमानाने परत करतो. तिने देऊ केलेली सोन्याची अंगठी तो नाकारतो. हिरवा रेशमी कमरपट्टाही नाकारतो. हा बांधणाऱ्याला कोणी मारू शकत नाही, असे ती सांगते तेव्हा मात्र घेतो आणि लपवतो. त्याची चूक एवढीच.

हिरव्या देवळापाशी पहिल्या वाराला तो खांदे आकसतो, दुसऱ्याला निश्चल राहतो, तिसरा त्याच्या मानेला जेमतेम चाटून जातो आणि बर्फावर रक्त सांडते. मग या एका चुकीवर तीन निवाडे होतात. हिरवा नाइट, म्हणजेच तो गढीचा मालक, हसून म्हणतो की जिवाची ओढ कोणाला नसते. गवेन स्वतःला क्षमा करत नाही. तो पट्टा कलंकाची खूण म्हणून अंगावर वागवतो. दरबार हसतो आणि तसाच पट्टा सगळे बांधतात. कोणाचे बरोबर, हे कवी सांगत नाही. सहाशे वर्षे हे काव्य त्यामुळेच जिवंत राहिले.

लोअरीचा गवेन नाताळच्या सकाळी वेश्यागृहात जागा होतो. विनिफ्रेड नावाच्या मुलीचे भूत तळ्यातून आपले शिर काढून आणायला विनवते, तेव्हा मोबदल्यात काय देशील, असे तो विचारतो. काव्यातल्या गवेनचा लौकिक सौजन्याचा. इथे ते पहिल्या दृश्यापासून नाही. शेवटी तो पट्टा सोडतो आणि धीर दाखवतो. पण दिलेला शब्द मोडण्याची लाज मरणभयाच्या गोष्टीत विरून जाते, दरबाराचे हसू उरतच नाही. जो मुळात खाली आहे, तो ढळणार कुठून?

नाइटांचा चिखल दाखवणे म्हणजे सत्य सांगणे, हा समज चुकीचा आहे. तो चिखल आर्थरकथा इंग्रजीत लिहिणाऱ्या मॅलरीला पुरेपूर ठाऊक होता. इंग्लंडमध्ये सरदारघराणी एकमेकांच्या जिवावर उठली असताना त्याने 1469–70 च्या सुमारास आपला आर्थरकथांचा ग्रंथ पुरा केला, आणि त्यात तो स्वतःला कैदी नाइट म्हणवतो. त्याचा गवेन शरण आलेल्यावर तलवार उगारतो, मध्ये पडलेल्या स्त्रीचे मस्तक उडते, आणि ते गळ्यात बांधून त्याला दरबारात परतावे लागते. रक्त तिथेही आहे. पण त्याच मोहिमेनंतर मॅलरी सगळ्या नाइटांकडून स्त्रियांच्या रक्षणाची शपथ वदवून घेतो. शपथेशिवाय ते नुसते रक्त राहिले असते.

आधुनिकांत हे दोघांना उमगले. ब्रेसाँच्या 1974 च्या चित्रपटात देवापुढे घेतलेली शपथ आणि राणी यांच्यामध्ये लान्सलॉट चिरडला जातो. इशिगुरोच्या 2015 च्या कादंबरीत म्हातारा गवेन आर्थरच्या कत्तलीची आठवण झाकून ठेवण्यासाठी झिजतो, कारण त्या शांततेवर त्याचा खरोखर विश्वास असतो.

मॅलरीच्या ग्रंथात सर अरी या जखमी नाइटच्या जखमा भरून काढायला आर्थरसकट 110 जण हात लावतात. कोणालाच जमत नाही. राणीवरच्या प्रेमाचे गुपित उरात बाळगणारा लान्सलॉट नाइलाजाने पुढे होतो, आणि जखमा भरतात. सगळे आनंदाने देवाचे आभार मानतात. लान्सलॉट मात्र मार खाल्लेल्या पोरासारखा रडतो. आपण कोण असायला हवे होते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. ज्या नाइटला ते ठाऊकच नाही, त्याच्या डोळ्यांत हे पाणी कोणताही दिग्दर्शक आणू शकणार नाही.