वाघ दिसला तर बक्षीस : ताडोबातील एका शिष्टाचाराची चिकित्सा

मराठीत पैसे देण्याला शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बलुते हे खळ्यावर मिळणारे ठरलेले धान्य. ते जातीच्या जोखडाला बांधलेले होते, तरी घेणारा ते हक्क म्हणून मागत असे. बिदागी गवयाला, कीर्तनकाराला. तिच्यात मान आहे. ओवाळणीत नाते आहे. दिवाळीची पोस्त ही वर्षभर दारी येणाऱ्या माणसाची. ती केव्हा द्यायची हे पंचांग ठरवते, देणाऱ्याची लहर ठरवत नाही. तमाशातला दौलतजादा मात्र लहरीवरच चालतो. आणि ‘चहापाणी’ या शब्दाचे काय सांगावे? हमालाला खुशीने दिलेले दहा रुपये आणि कचेरीत फाईल हलावी म्हणून सरकवलेले दोन हजार, दोन्हींना आपण तेच नाव देतो.

बक्षीस हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदात देणे आणि क्षमा करणे असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे देणारा वर, घेणारा खाली, आणि द्यायचे की नाही हे वरच्याच्या मर्जीवर. बलुत्यात कर्तव्य आहे, पोस्तीत रिवाज आहे, बक्षिसात मर्जी आहे. ‘टिप’ हा इंग्रजी शब्द आपण उचलला तो बहुधा ही मर्जी झाकण्यासाठी. प्रस्तुत लेखात या मर्जीचा विचार एका मर्यादित जागी करायचा आहे : चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वारावर.

फेरीची रचना

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी १९८६ साली अभयारण्य, आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, भोवतीचे बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी अशी गाभ्याची प्रवेशद्वारे. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा, मदनापूर अशी बफरची. सकाळची फेरी, दुपारची फेरी. मंगळवारी सुट्टी. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा बंद. एका जिप्सीत सहा पर्यटक, एक चालक आणि एक गाईड. गाईड सक्तीचा असतो आणि तो जवळपासच्या गावातला असतो. प्रवेश, वाहन आणि गाईड यांचे शुल्क ठरलेले असते.

म्हणजे हिशेब फेरीआधीच पूर्ण झालेला असतो. तरीही फेरी संपून गाडी दाराशी परत आली, की एक अवघडलेला अर्धा मिनिट येतो. पुढच्या सीटवरून एक जण मागे वळतो, खिशात हात जातो, सहा जणांत नजरानजर होते. किती द्यायचे, कोणी द्यायचे, दोघांना मिळून की वेगळे, हे कुठेच लिहिलेले नाही. लिहिलेले नसले तरी एक नियम बहुतेकांना पाठ असतो : वाघ दिसला तर जास्त, नाही दिसला तर कमी, किंवा काहीच नाही.

या लेखाचा आक्षेप त्या नियमावर आहे.

वाघ गाईडच्या हातात नाही

गाईडकडे काय असते? मातीवरचा पगमार्क ताजा की शिळा हे ओळखणारी नजर, वानराचा आणि चितळाचा इशारा वेगळा काढणारा कान, उन्हाळ्यात कोणत्या पाणवठ्याला अजून पाणी आहे याची माहिती. हे ज्ञान प्रत्येक फेरीत वापरले जाते. वाघ गवतातून उठून रस्त्यावर येतो की नाही, हे मात्र वाघ ठरवतो. निष्फळ फेरीत गाईडने घेतलेले कष्ट सफल फेरीपेक्षा बहुधा जास्तच असतात, कारण तो अखेरपर्यंत शोधत राहिलेला असतो. पैसे मात्र उलट्या प्रमाणात मिळतात.

बक्षिसाचे नेहमीचे समर्थन असे की त्यामुळे सेवा सुधारते. कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल लिन यांनी उपाहारगृहांतील टिपचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. टिपची रक्कम आणि सेवेचा दर्जा यांतले नाते अगदी क्षीण आढळते, असा त्यांच्या कामाचा निष्कर्ष आहे. ताडोबात तर हे समर्थन आणखी लंगडे पडते. गाईड साधारणपणे पाळीने येतो. आज ज्याला बक्षीस दिले तो उद्या आपल्याच गाडीवर येईल असे नाही. मग पैसा काय बदलतो? तो गाईडची बोलण्याची रीत बदलत नाही, पण गाडीचा वेग बदलतो. कुठेतरी वाघ दिसल्याची खूण मिळाली की सगळ्या गाड्या एकाच वळणाकडे धावतात. सर्पगरुड, रानकुत्री, मोहाचे झाड, सागाच्या पानावर किड्यांनी पाडलेली जाळी यांसाठी थांबणे हा वेळेचा अपव्यय ठरतो. ज्याला पाखरे उत्तम कळतात असा गाईड हळूहळू पाखरे दाखवणे सोडतो.

याची परिणती कुठे होते ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले, त्यांना दंडही झाला. ते योग्यच होते. पण गाड्यांत बसलेल्या ज्यांच्यासाठी ती कोंडी झाली, त्यांच्या अपेक्षेची चौकशी कोणी केली नाही. ‘जवळ घ्या, बघतो तुमचं’ हे वाक्य कोणत्याही नोंदवहीत येत नाही. नियम मोडण्याची किंमत गाईडच्या रोजीतून जाते आणि नियम मोडण्याचे आमिष आपल्या खिशातून येते. एकाच व्यवहाराच्या या दोन बाजू आहेत.

नजर पडते तिथे पैसा

दुसरा आक्षेप वाटपाचा आहे. बक्षीस समोर दिसणाऱ्याला मिळते. मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्याशी हिंदी-इंग्रजीत मोकळेपणी बोलणारा गाईड आणि जंगल तेवढेच जाणणारा पण मितभाषी गाईड यांच्या वरकमाईत फरक पडतो. ताडोबात महिला गाईड काम करतात. पर्यटकाच्या मनातली ‘जंगलातला जाणकार’ ही प्रतिमा अजून पुरुषाचीच असेल, तर त्याची किंमत त्यांना मोजावी लागते. आणि चालकाच्या हातात दिलेली एकत्र रक्कम गाईडपर्यंत किती पोहोचते, हे देणाऱ्याला कळत नाही.

त्यापलीकडे जे दिसतच नाहीत ते आहेत. जाळरेषा साफ करणारे मजूर, संरक्षण कुटीत रात्र काढणारे, पायी गस्त घालणारे वनरक्षक. नोव्हेंबर २०२१ मध्ये वाघांच्या खुणांची पाहणी करताना ताडोबातील एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पर्यटकाला जो वाघ गाडीतून दिसतो तो अशा पायी फिरणाऱ्यांमुळे शिल्लक आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीने मारल्या. वाघासोबत राहण्याचा खर्च असा बफरमधली आणि त्याबाहेरची गावे भरतात. वाघ बघण्याचा आनंद मात्र दाराशी रोखीने वाटला जातो, तोही चार-दोन हातांत.

याचा अर्थ वनरक्षकालाही बक्षीस द्यावे असा मुळीच नाही. तो शासकीय सेवक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्याला लागू आहेत, आणि त्याच्या हातात ठेवलेली नोट ही चहापाण्याच्या दुसऱ्या अर्थाकडे झुकते. गाईड आणि वनकर्मचारी यांच्या गणवेशांतला फरक पाहुण्याच्या लक्षात येत नाही, म्हणून हे स्पष्ट म्हणायला हवे. खासगी गाईडला दिलेले बक्षीस हा रिवाज आहे. वनरक्षकाला दिलेले, मग हेतू कितीही निर्मळ असो, गैर आहे.

जगातला अनुभव

हा पेच फक्त जंगलाचा नाही. गोल्फच्या मैदानावर खेळाडूची पिशवी वाहणारा कॅडी हा गाईडचा सख्खा भाऊ आहे. चेंबूरला असो वा येरवड्याला, हिरवळीचा उतार कुठे फसवतो हे त्याला खेळाडूपेक्षा जास्त ठाऊक असते, आणि त्याचीही मिळकत ठरलेला दर अधिक खेळाडूची मर्जी अशी दुभंगलेली असते. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली तेव्हा एवढे तरी सिद्ध झाले, की पिशवी वाहणाऱ्याकडे खेळाचे ज्ञान नसते हा समज खोटा आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी टिपविरुद्ध कायदे झाले. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने सुरुवात केली. १९२६ पर्यंत ते सगळे गुंडाळले गेले. पुढे १९६६ मध्ये उलटेच घडले : टिप मिळते म्हणून मालकाने वेतन कमी द्यावे, याला कायद्यात जागा मिळाली. आज तिथे टिपवर जगणाऱ्यांचे केंद्रीय किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे, ते १९९१ पासून हललेले नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात म्हटले की टिप हे हॉटेलने दिलेले वेतन नव्हे, ती ग्राहकाकडून येते. मुद्दा करकपातीचा होता, पण त्यातला भेद मोलाचा आहे. बक्षीस वेतनाची जागा घेऊ लागले की मालक सुटतो आणि कामगार गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघत राहतो. ताडोबात गाईडचे शुल्क वाढवण्याची मागणी पुढे येते, तेव्हा ‘वरून मिळतंच की’ हे उत्तर याच वाटेने येते.

बोनस आणि रॉयल्टी

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर शेजारच्या गडचिरोलीत, पर्यटनाबाहेर सापडते. झाडीपट्टीत ‘बोनस’ हा शब्द कारखान्याइतकाच धानाशी आणि तेंदूपानाशी जोडलेला आहे. सरकारने जाहीर करायचा, मजुराने वाट बघायची, तो कधी यायचा, कधी रखडायचा. पुढे ग्रामसभांनी तेंदूचे लिलाव स्वतः करायला सुरुवात केली आणि लोकांच्या तोंडी ‘रॉयल्टी’ हा शब्द आला. पान तेच, तोडणारे हात तेच; पैसा मात्र आता आपल्या मालाचा म्हणून मोजून घेतला जातो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्याआधी बांबू तोडू देणे ही वनखात्याची मेहेरबानी होती.

मेहेरबानीकडून हक्काकडे जाण्याचा हा प्रवास एका जिल्ह्याने करून दाखवला असताना, शेजारच्या जिल्ह्यातील पर्यटनाने हक्काकडून मेहेरबानीकडे जावे, ही विसंगती आहे. ज्या तारू देवाच्या नावावरून ताडोबा हे नाव आले असे सांगतात, तो आख्यायिकेप्रमाणे वाघाशी झुंजताना मेलेला गावचा मुखिया होता. त्याचे ठाणे तलावाकाठी आहे. नवेगाव, जामणीसारखी गावे गाभ्याबाहेर हलवली गेली. अशा गावांतला तरुण आज पाहुण्याला जंगल दाखवतो, तेव्हा तो स्वतःच्या घराची ओळख करून देत असतो.

मग द्यावे की नाही?

द्यावे. बक्षीस बंद करा असे दूर बसून म्हणणे सोपे आहे, पण पावसाळ्यात गाभा बंद असताना मागच्या हंगामातली वरकमाईच घर चालवते. बंद करायची आहे ती वाघाची अट.

त्यासाठी पर्यटकाला काही गोष्टी आजच करता येतील. रक्कम फेरीआधीच सहा जणांनी मिळून ठरवावी आणि वाघ दिसो न दिसो, तीच द्यावी. गाईडला वेगळी, चालकाला वेगळी, ज्याची त्याच्या हातात द्यावी. दोघांची रक्कम सारखी असावी. आत असताना पैशाचा उल्लेखही करू नये. ‘वाघ दाखव, खूश करतो’ हे वाक्य लाच देण्याच्या जवळचे आहे. गाडी नियम पाळून मागे थांबली म्हणून छायाचित्र हुकले, तर त्या दिवशी रक्कम कमी करू नये. गाईडचे नाव विचारावे आणि अभिप्रायात त्याने काय दाखवले ते लिहावे, फक्त वाघांची संख्या लिहू नये.

व्यवस्थेलाही काम आहे. गाईडचे शुल्क असे असावे की बक्षिसाशिवाय घर चालेल. दाराशी एक सामायिक पेटी ठेवून तिचा हिशेब ग्राम परिस्थितिकीय विकास समितीच्या फलकावर लावता येईल; त्यातून निष्फळ फेऱ्यांचे गाईड, जिप्सी धुणारी पोरे, जाळरेषेवरचे मजूर यांनाही वाटा मिळेल. पेटीने हातातल्या नोटेची ऊब जाते, असा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. म्हणून पेटी सक्तीची नको. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी उपाहारगृहांच्या बिलात सेवाशुल्क आपोआप जोडायला मनाई केली, ते तत्त्व इथेही लागू पडते.

दिवाळीत आपण पोस्त देतो तेव्हा पोस्टमनला विचारत नाही, की यंदा आनंदाची पत्रे किती आणलीस. त्याने वर्षभर फेरी केली, एवढे पुरते. ताडोबातल्या गाईडनेही फेरीच केलेली असते.