'न फुटणारी काच' : एका शब्दाची झडती

सदाशिव पेठेतल्या वाड्यांत वाढलेल्या पिढीला काच कशी फुटते हे कोणी शिकवावे लागत नसे. चौकातला चेंडू तावदानावर आदळला की सुरीच्या पात्यासारखे लांबलचक तुकडे खाली येत आणि पुढचे दोन दिवस अनवाणी फिरायची बंदी होई. याच पेठेतून रिक्षा पकडून पहाटे पुणे स्टेशन गाठणाऱ्यांना २०२१ साली नवा अनुभव मिळाला. २६ जूनपासून डेक्कन एक्सप्रेसला आणि १५ ऑगस्टपासून डेक्कन क्वीनला व्हिस्टाडोम डबा जोडला गेला. छतालाही काच, खिडक्या भल्यामोठ्या. पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट त्यातून पाहावा तो खासच, याबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती या डब्याच्या प्रसिद्धीत वापरलेल्या 'शॅटरप्रूफ' या शब्दाबद्दल. तो आपण 'न फुटणारी काच' असा मराठीत आणतो आणि वर्गातही तसाच सांगतो.

न फुटणारी काच नसते. ती कशी फुटते, एवढाच प्रश्न असतो. सुरक्षित म्हणवणाऱ्या काचा मुख्यतः दोन जातींच्या. पहिली, सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली. तिचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग मागाहून आक्रसतो, त्यामुळे बाहेर दाब आणि आत ताण कायमचा कोंडला जातो. साध्या काचेच्या चौपट मार ती सहज सोसते. पण टोकदार वस्तूने कोपऱ्याशी जोरात घाव घातला की क्षणात तिचे बोथट खडे होतात. दुसरी जात म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेली. फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ साली एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळलेला होता. या काचेचा उगम तिथला. ही काच तडकते, पण जागा सोडत नाही. दोन्ही गुण एकत्र आणण्यासाठी पहिल्या जातीच्या दोन काचा चिकटवूनही वापरतात.

आता गंमत पाहा. बाहेरून दगड आला तर दुसरी काच हवी. आत आग लागली तर पहिली हवी, कारण पापुद्र्याची काच हातोडीने नुसती जाळीदार होते, वाट देत नाही. हा केवळ तात्त्विक प्रश्न नव्हे. २८ डिसेंबर २०१३ च्या पहाटे बंगळुरूहून नांदेडकडे निघालेल्या एक्सप्रेसच्या वातानुकूलित डब्याला आंध्रात कोठाचेरुवूजवळ आग लागली आणि २६ प्रवासी दगावले. बंद डब्यात धूर कोंडला होता; काहीजण काचा फोडून बाहेर पडले. अशा वेळी 'शॅटरप्रूफ' हे वरदान की शाप?

या बाबतीत अमेरिकेतला १९८० साली लागू झालेला रेल्वे-काचांचा नियम आम्हाला वाचनीय वाटतो. तिथे विशेषण नाही, चाचणी आहे. २४ पौंडांचा, म्हणजे सुमारे ११ किलोचा, सिमेंटचा ठोकळा समोरच्या काचेवर सेकंदाला ४४ फूट वेगाने आदळवायचा, बाजूच्या काचेवर १२ फूट वेगाने. शिवाय बंदुकीची एक गोळी. दोन वेगांत एवढे अंतर का? समोरच्या काचेला गाडीचा सगळा वेग भोवतो. बाजूच्या काचेला दगडाचा फक्त काटकोनातला वेग लागतो, गाडीचा वेग काचेला समांतर निघून जातो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून दोन आघातांत तेरा पटींहून अधिक फरक पडतो. (आम्ही स्वतः पहिल्यांदा बाजूच्या खिडकीलाही गाडीचा वेग धरून हिशोब केला होता. अकरावीतल्या एका मुलीने फळ्यावर बाण काढून आमची चूक दाखवली.) याच नियमात प्रत्येक प्रवासी डब्याला किमान चार संकटकालीन खिडक्या सांगितल्या आहेत. तिथे रूढ असलेली युक्ती अशी की काच फोडायचीच नाही. कडेचे रबर ओढून काढायचे आणि अख्खी काच उचलून बाजूला करायची. आपल्याकडच्या गजांच्या डब्यांतली संकटकालीन खिडकी याच जातीची : गज तोडायचे नाहीत, चौकटीसकट सरकवायचे.

मात्र याच नियमाने ऐतिहासिक डब्यांना दिलेली सूट आम्हाला पुरती पटत नाही. केवळ सहल, शिक्षण, करमणूक किंवा खाजगी प्रवासासाठी धावणाऱ्या जुन्या डब्यांना तो काही अटींवर वगळतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ सालचा डबा उभा आहे. त्याची काच बदलणे म्हणजे पेशवाई पागोट्याला प्लॅस्टिकची किनार लावणे. तो उभा आहे, म्हणून चालेल. पण 'पॅलेस ऑन व्हील्स' १९८२ साली सुरू झाली तेव्हा संस्थानिकांचे खरेखुरे जुने डबेच रुळावर धावत होते. दगड मारणारा डब्याचे जन्मसाल विचारत नाही. सूट वयावर नको, वेगावर आणि वापरावर हवी. जुन्या काचेला आतून पारदर्शक फिल्म लावता येते. पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवणारेही आहेत, पण त्यावर ओरखडे उठतात, आणि हातोडीने तो फुटत नाही, म्हणजे बाहेर पडायची वाट पुन्हा वेगळी ठेवावीच लागते.

मोटारींच्या बाबतीत आपला १९८९ चा केंद्रीय नियम पुढच्या काचेला पापुद्र्याचीच काच हवी असे स्पष्ट म्हणतो. रेल्वेच्या पत्रकातही तेवढाच स्पष्टपणा असावा : कोणती काच, कुठल्या खिडकीला, आणि बाहेर कसे पडायचे.

तोवर पुढच्या सहलीत मुलांना कामाला लावा. काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचायला सांगा. एखाद्याकडे पोलरॉइड गॉगल असेल तर त्यातून काच तिरपी पाहू द्या, आकाश निरभ्र असताना सकाळी किंवा संध्याकाळी. ठरावीक अंतरावर करडे ठिपके वा पट्टे दिसले, तर ती तापवून थंड केलेली काच. थंड हवेचे झोत जिथे लागले, तिथल्या ताणांचे ते नकाशे असतात.